फरशीखाली फरशी: टेराझोबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या घरांच्या डागडुजीवर लिहिताना टेराझोचा उल्लेख जेमतेम चार ओळींत केला होता आणि पत्रं आली ती सगळी त्या चार ओळींवरच. छप्पर, खिडक्या, भिंतीतली ओल यावर एवढं लिहिलं ते कोणी वाचलं की नाही देव जाणे. असो. तर यावेळचा अख्खा कॉलम टेराझोचा. नावं गाळलीयत, पत्रं थोडी कापलीयत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. टेराझो म्हणजे आपण सर्रास ज्याला मोझॅक म्हणतो तेच, दगडाच्या चिप्स सिमेंटमध्ये कालवून, दाबून, सुकल्यावर घासून सपाट केलेलं. खरं मोझॅक वेगळं, त्यात एकेक तुकडा हाताने बसवून चित्र करतात. पण शब्द जिभेवर बसलाय, त्यामुळे मीही मधेच मोझॅक म्हणालो तर चालवून घ्या.

प्र. आम्ही जुनं घर विकत घेतलं. हॉलमधलं कार्पेट काढलं तर खाली व्हिनाइल आणि व्हिनाइल उचललं तर त्याखाली हिरवट-करडी ठिपक्यांची फरशी! पण सगळीकडे काळा चिकट थर आहे, कडेने खिळ्यांची भोकं आणि गंजाचे डाग. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो यावरच टाइल मारू, दोन दिवसांत काम संपेल. काय करू?

कॉन्ट्रॅक्टरला थांबवा आणि तुम्हीही थांबा, म्हणजे तो काळा थर खरवडायला बसू नका. ही पहिली गोष्ट आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. जुन्या व्हिनाइलखालच्या काळ्या डांबरी गोंदात आणि कधीकधी त्या व्हिनाइलमध्येसुद्धा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, सुकं खरवडलं किंवा मशीन मारलं की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात ते कायमचे. आधी छोटा नमुना लॅबमध्ये तपासून घ्या, निघालं तर ते काढायचं काम त्याची परवानगी असलेल्या माणसांचं, आपलं नाही. नाही निघालं तरी सुकं घासणं नकोच, कारण सिमेंट आणि वाळूच्या धुळीत सिलिका असते आणि तीही फुप्फुसाला घातकच, म्हणून पाणी मारत घासायचं किंवा चांगला फिल्टरवाला व्हॅक्युम जोडलेलं मशीन वापरायचं.

हे झालं की मग मजेचा भाग. एक नाणं घ्या आणि गुडघ्यावर बसून वीतभर अंतराने टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर फरशी खाली घट्ट बसलेली आहे, बद्द आवाज आला तिथे ती खालच्या थरापासून सुटलीय, तेवढ्या भागावर खडूने गोल करा. चार-पाच गोल निघाले तर घाबरू नका, अर्धी खोली गोलांनी भरली तर मात्र पुढचा विचार करावा लागेल. मग दाराच्या उंबऱ्यापाशी किंवा पाइपाच्या भोकात डोकावून चिप्सच्या थराची जाडी बघा. जुन्या, वाळूवर टाकलेल्या पद्धतीत सगळी फरशी साधारण ७५ मिलिमीटर जाड असते, त्यातला वरचा चिप्सचा थर १२ मिलिमीटरच्या आसपास. आता हिशोब करा, एकदा घासून पॉलिश केलं तर सहसा एक मिलिमीटरसुद्धा जात नाही, म्हणजे तुमच्या पायाखाली अजून कितीतरी फरशी शिल्लक आहे. लाकूड एवढा जीव धरत नाही आणि टाइलच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही.

खिळ्यांची भोकं भरता येतात, गंजाचे डाग लेप लावून बरेचसे ओढून काढता येतात, सगळे जातीलच असं नाही. आणि गंमत बघा, ज्या कार्पेटला तुम्ही शिव्या घालताय त्यानेच इतकी वर्षं फरशीवर चप्पल-बूट पडू दिले नाहीत.

फक्त एक विनंती, आधी दाराच्या मागे दोन फूट बाय दोन फूट जागेत नमुना करून बघा. धुवा, हलकं घासा, पॉलिश करा आणि तो तुकडा सकाळ-संध्याकाळच्या उजेडात बघा. कारण मशीनवाल्यांना चकाकीची भारी हौस असते, हिऱ्याचे पॅड एकामागून एक चढवत ३००० नंबरपर्यंत नेतात (नंबर जितका मोठा तितकं घासणं बारीक) आणि जुन्या घरातली फरशी एअरपोर्टसारखी चकचकीत होऊन बसते. जुन्या फरशीला मऊ चमक असायची, बरेचदा ४०० ते ८०० च्या मधे कुठेतरी थांबलं की ती मिळते. आणि खोल घासलं तर वरच्या चिप्स जाऊन खालच्या उघड्या पडतात, म्हणजे चेहराच बदलतो. जेवढं कमी काढाल तेवढं चांगलं.

प्र. आमच्या संस्थेची इमारत जुनी आहे. कॉरिडॉरच्या टेराझोला लांब तडा गेलाय आणि एका ठिकाणी पाइपलाइनसाठी खणून साधं सिमेंट भरलंय. जुन्याशी हुबेहूब जुळेल असा तुकडा करता येतो का?

तडा आणि खड्डा हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने बरे करू नका.

तडा बहुतेक वेळा खालून आलेला असतो. टेराझो कितीही कडक असला तरी तो खालच्या स्लॅबच्या मर्जीवर जगतो, स्लॅब हलला की वर रेघ उमटते. म्हणून आधी बघा की तडा अजून वाढतोय का. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि काही महिने नुसतं बघत राहा, हे कोणालाच आवडत नाही कारण कामाचं बजेट त्याच वर्षी संपवायचं असतं. जिवंत तडा कडक मसाल्याने भरला तर तो शेजारीच दुसरा पाडून घेतो. मेलेला, केसाएवढा तडा असेल तर खरं सांगतो, सोडून द्या, साफ करून सील करा पुरे. याच कारणासाठी पितळेच्या किंवा जस्ताच्या पट्ट्या असतात, लोकांना त्या नक्षी वाटतात पण त्यांचं खरं काम आकुंचनाला वाट करून देणं हे आहे, खाली जिथे सांधा असेल बरोबर तिथेच वर पट्टी यायला हवी.

आता खड्डा. जुळवण्यात तीन गोष्टी असतात: चिप्सचा दगड, त्यांचा आकार आणि मधल्या सिमेंटचा रंग. चिप्स नंबरावर मिळतात, १ नंबर साधारण ३ ते ६ मिलिमीटर, २ नंबर त्याहून मोठी, आणि जुन्या फरशीत बरेचदा दोन-तीन नंबर मिसळलेले असतात, तेव्हा फोटोवरून ठरवू नका, एक सुटा तुकडा हातात घेऊन ओला करून बघा. चिप्स जुळवणं त्यातल्या त्यात सोपं, सिमेंटचा रंग जुळवणं हे खरं डोकेदुखीचं काम, कारण जुन्या सिमेंटवर कित्येक वर्षांचं मेण, तेल, मळ बसलेला असतो आणि नवीन रंग सुकल्यावर फिका पडतो. पाच-सहा नमुने करा, प्रत्येक पूर्ण सुकवून, घासून, पॉलिश करून मगच शेजारी ठेवून बघा. आणि खड्ड्याच्या वेड्यावाकड्या कडेला तुकडा जोडू नका, जवळच्या पट्टीपर्यंत अख्खा चौकोन काढून नवीन भरला तर फरक पट्टीवर लपतो.

हुबेहूब करावं का, हा तुमच्या प्रश्नातला खरा प्रश्न. १९६४ च्या व्हेनिस चार्टरमधे, म्हणजे वारसा इमारतींच्या जतनाची जी तत्त्वं जगभर मानली जातात त्यात, १२ व्या कलमात म्हटलंय की नवा भाग जुन्याशी सुसंगत दिसावा पण तो नवा आहे हे ओळखूही यावं. ऐकायला विरोधाभास वाटतो. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममधे तो कसा सोडवलाय बघा. एकोणिसाव्या शतकातली इमारत, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून मोडली, अनेक वर्षं तशीच पडून होती आणि आर्किटेक्ट डेव्हिड चिपरफिल्ड यांनी केलेल्या कामानंतर २००९ मधे पुन्हा उघडली. जुन्या फरशा जिथे वाचल्या तिथे जपल्या, आणि मोठा जिना जो पार गेलाच होता तो नव्याने केला पांढऱ्या सिमेंटमधे सॅक्सनीच्या संगमरवराच्या चिप्स घालून, म्हणजे टेराझोच्याच कुळातला. घडण जुन्या जिन्याची, पण नक्षीची नक्कल अजिबात नाही. तुमच्या कॉरिडॉरला एवढं नाटक नको, दोन पावलांवरून एकसारखं दिसावं आणि वाकून बघितलं तर कळावं, एवढं जमलं तरी उत्तम. काय केलं, कधी केलं हे मात्र फाइलमधे लिहून ठेवा.

प्र. मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. टेराझो उरलेल्या तुकड्यांमधून जन्मला हे खरं का? आणि मधे नाहीसा होऊन आता परत का आला?

खरं आहे. रोमन लोक विटा-कौलांचा चुरा चुन्यात कालवून, ठोकून जमिनी करायचेच, त्यात पांढरे दगडही बसवायचे. पुढे व्हेनिसमधे ते फार वर गेलं. खाली खाडीच्या गाळात ठोकलेल्या खुंटांवर उभी घरं, वर लाकडी तुळया, सगळं थोडंथोडं हलणारं, तिथे एकसंध दगडी जमीन फुटलीच असती, पण चुना आणि सुरखीची, म्हणजे विटांच्या चुऱ्याची, जमीन त्या हालचालीबरोबर जराशी लवते. त्यात संगमरवराचे उरलेसुरले तुकडे दाबायचे, लांब दांड्याला जड दगड बांधून उभ्याने मागे-पुढे घासायचं आणि जवसाचं तेल पाजायचं. हे कारागीर बरेचसे इटलीच्याच फ्रिउली भागातले, आणि त्याच भागातल्या स्पिलिंबर्गो गावात १९२२ पासून मोझॅक शिकवणारी शाळा आहे, तिथे टेराझोही शिकवतात. इथूनच माणसं जगभर गेली आणि कसब बरोबर घेऊन गेली.

हाताने घासण्यात जीव जायचा. विजेवर चालणारी घासण्याची मशीनं आणि धातूच्या पट्ट्या १९२० च्या दशकात रुळल्या आणि मग चित्रच पालटलं, वळणदार नक्षी, रंगाचे कप्पे, शाळा, स्टेशनं, हॉस्पिटलं. हॉलिवूडच्या फुटपाथवरचे ते प्रसिद्ध तारे आठवा, कोळशाच्या रंगाच्या चौकोनात गुलाबी तारा आणि त्याला पितळेची कड, ते टेराझोच आहे आणि रोज हजारो लोक त्यावरून चालतात.

मग गेला कुठे? कुठेच नाही, झाकला गेला. कार्पेट आणि व्हिनाइल स्वस्त, पटकन होणारं, आणि टेराझोला लागतात कुशल माणसं आणि चिखल-पाण्याचे बरेच दिवस. शिवाय तो 'सरकारी ऑफिसचा' दिसायला लागला, हा डाग पुसायला एक पिढी जावी लागली. परत यायला माझ्या मते दोन गोष्टी झाल्या. एक, सिमेंटऐवजी इपॉक्सीसारखं रेझिन, म्हणजे घट्ट होणारा कृत्रिम राळेसारखा पदार्थ, वापरायला लागले आणि त्यामुळे जाडी आणि वजन घटलं. दुसरी म्हणजे लोकांना एकसारख्या छापील पृष्ठभागांचा कंटाळा आला. २०१४ मधे मॅक्स लॅम्ब या डिझायनरने मार्मोरिअल नावाचं मटेरियल केलं, त्यात संगमरवराचे एवढे मोठमोठे रंगीत तुकडे की ठिपके न राहता ती खडकांची गर्दी दिसते, आणि त्यानंतर ते मोठ्या तुकड्यांचं फॅड सगळीकडे पसरलं, भिंतीवर, टेबलावर, अगदी मोबाइलच्या कव्हरवर. मोबाइलचं कव्हर टेराझोचं पाहिलं त्या दिवशी मला वाटलं आता ही लाट उतरणार, पण फरशा अजून टाकल्या जातायत.

प्र. नवीन घर बांधतोय, पहिल्या मजल्यावर टेराझो ओतून घ्यायचाय. सिमेंटचा घ्यावा की इपॉक्सीचा? दोन्हीकडचे लोक दुसऱ्याला नावं ठेवतात.

ठेवणारच, दोघांनाही आपापला माल विकायचाय. आधी इंजिनीअरला वजन विचारा, कारण बरेचदा निर्णय तिथेच लागतो. वाळूच्या थरावरची पारंपरिक सिमेंट फरशी चौरस मीटरला जवळपास १४०-१५० किलो भरते, इपॉक्सीची ६ ते १० मिलिमीटर जाडीची असते आणि वजन २० किलोच्या आसपास. पहिला मजला तेवढा भार पेलणार नसेल तर विषय संपला.

पेलत असेल तर मग स्वभाव बघा. सिमेंट श्वास घेतं, खालून थोडी ओल आली तरी तग धरतं, बाहेर उन्हात चालतं, आणि वय झाल्यावर जास्त देखणं दिसतं. पण त्याला वेळ लागतो, पाणी मारून पिकवायचं, मग भरड घासायचं, मग बारीक भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरायची, परत थांबायचं, परत घासायचं. वर सीलर हवा, आकुंचनाच्या बारीक रेषा येऊ शकतात, आणि पट्ट्या साधारण सव्वा ते दीड मीटरवर लागतात. इपॉक्सी लवकर होतं, रंग हवा तो मिळतो, डाग कमी धरतं, पट्ट्या कमी लागतात. त्याचे शत्रू दोन. एक ऊन, मोठ्या काचेसमोर ते हळूहळू पिवळं पडतं, पांढऱ्या रंगात तर लगेच डोळ्यात येतं. दुसरा शत्रू स्लॅबमधली ओल, वाफ वर यायला बघते आणि थर उचलून टाकते, त्यामुळे ओतण्याआधी स्लॅबच्या ओलाव्याची टेस्ट केल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका, 'स्लॅब सुकलाय हो, दिसतंय की' हे उत्तर चालणार नाही.

आणि टिकण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मायामीच्या विमानतळावर मिशेल ओका डोनर या कलाकार बाईंनी समुद्रकिनाऱ्याची फरशी केलीय, गडद टेराझोत हजारो ब्राँझचे शंख, शेवाळ, समुद्री जीव आणि शिंपल्यांचे तुकडे, लांबी दीड किलोमीटरच्या वर. सुटकेसच्या चाकांचा मारा तिच्यावर १९९५ पासून चाललाय. घरात आपण असं काय करणार आहोत?

मला निवडायला सांगितलं तर तळमजल्याला सिमेंट, वरती इपॉक्सी. आणि दोन्हीत एक अट करारात लिहून घ्या, घासल्यानंतर पृष्ठभागावर किमान ७० टक्के दगड दिसला पाहिजे. कंजूस माणूस चिप्स कमी शिंपडतो, रोलर नीट फिरवत नाही, मग मधे रंगाची तळी दिसतात आणि ती दिसली की दिसतच राहतात.

प्र. टेराझो डिझाइनच्या टाइल्स बसवल्या तर काय बिघडलं? दिसायला तेच ना?

काहीच बिघडलं नाही, आवडत असतील तर बसवा. फक्त त्यावर डिझाइन छापलेलं असतं, वरचा थर गेला की खाली ठिपके नाहीत. दुकानात टाइलची कड बघा, ठिपके कडेतून आरपार गेलेले दिसले तर खरा टेराझो, मग तो टाइलच्या रूपात का असेना. चार-पाच टाइल्स शेजारी मांडून बघा, तोच ठिपका त्याच जागी परत दिसला की समजा छापा आहे. मला तो दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही, पण हा माझा प्रॉब्लेम.

प्र. बाथरूमच्या मोझॅकवर क्लीनर सांडला आणि पांढुरके ओघळ पडलेत. घासून जात नाहीत.

जाणार नाहीत, कारण तो डाग नाहीये, तिथला दगड विरघळलाय. संगमरवर आणि सिमेंट दोघांनाही आम्ल खातं, मग ते टॉयलेट क्लीनर असो, व्हिनेगर असो की लिंबू. सांगायला लाज वाटते पण मी स्वतः हे केलंय, नैसर्गिक म्हणून व्हिनेगरच्या पाण्याने अख्खी खोली पुसली होती, महिनाभर, आणि एक दिवस तिरप्या उन्हात बघितलं तर चकाकी गायब, नुसती खरखरीत जमीन. परत मशीन मारावं लागलं. तुमच्याकडे ओघळांपुरतंच घासून पॉलिश केलं तर तो भाग वेगळा चमकेल, म्हणून पट्टी ते पट्टी अख्खा चौकोन करा. पुढे साधं पाणी आणि आम्ल-अल्कली काही नसलेला न्यूट्रल क्लीनर, बस. मेणाचे थर चढवत जाऊ नका, मळ त्यातच अडकतो. आणि बाथरूम आहे तर परत आरसा करू नका, ओल्या जागी कमी पॉलिशच बरं, पाय घसरणार नाही.

प्र. आमचं जुनं घर पाडतोय. त्याच्याच तुटलेल्या फरश्या, थोडी काच, कौलं नवीन घराच्या टेराझोत घालायची इच्छा आहे. येडेपणा आहे का?

अजिबात नाही, टेराझोची सुरुवातच अशी झाली. पण भावनेच्या भरात सगळं एकत्र टाकू नका. मऊ आणि कडक तुकडे एकाच थरात आले तर घासताना कौल खाली जातं, दगड वर राहतो आणि पायाला उंचसखल लागतं. फरशीचा दगड मुख्य ठेवा, कौल अगदी चिमूटभर किंवा ज्या कोपऱ्यात पाऊल पडत नाही तिथे. काच सिमेंटमधे शक्यतो नको, सिमेंटच्या अल्कलीशी काचेची रिअ‍ॅक्शन होते, ती फुगते आणि वर्षा-दोन वर्षांनी तडे देते, काच घालायचीच असेल तर इपॉक्सीत. फोडलेला माल चाळून धूळ काढा आणि धुवा, धूळ राहिली तर पकड येत नाही. किती लागेल याचा अंदाज हवा असेल तर सिमेंटच्या फरशीला वजनाने एक भाग सिमेंटला साधारण दोन भाग चिप्स, वरून शिंपडायला आणखी, आणि फोडताना बराच चुरा वाया जातो तेव्हा ढिगारा दिसतो तितका पुरत नाही.

आधी फूटभराचा नमुना ओतून, घासून बघा. आणि सगळं झाल्यावर उरलेल्या चिप्सचा एक डबा, सिमेंटच्या रंगाचं प्रमाण लिहिलेला कागद आणि तो फूटभराचा नमुना एकत्र बांधून माळ्यावर ठेवून द्या. वरती कॉरिडॉरवाल्या वाचकांना जे पाच-सहा नमुने करत बसावं लागणारेय ना, ते तुमच्या नातवंडांना करावे लागणार नाहीत.